कचारगड : नावातच लोखंड

मराठी ‘लोखंड’ हा शब्द ‘लोहखंड’वरून आला. संस्कृतात ‘लोह’ म्हणजे आधी तांबूस धातू, अर्थात तांबे. पुढे कोणताही धातू, आणि शेवटी लोखंड. ‘पोलाद’ फारसीतून आले. गोंडी ही द्रविड कुळातली भाषा, तिचा शब्द वेगळाच : ‘कच्ची’.

हा शब्द गोंदिया जिल्ह्यात डोंगराला चिकटून बसला आहे. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेला गोंड समाज ‘कचिकोपा लोहगड’ मानतो. शंभूने (महादेवाने) गुहेत कोंडलेल्या गोंड पूर्वजांना गोंडांचा आदिपुरुष लिंगो याने सोडवले, अशी कथा. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ती ऐकून टिपली. त्यांच्या मृत्यूनंतर, 1866 मध्ये ती छापली गेली. त्या छापील कथेत ‘कचिकोपा लोहगड’ या नावाचा अर्थ ‘लाल डोंगरांतली लोखंडाची दरी’ असा दिला आहे. सुंदर आणि नेमका! कारण लोहखनिजाने माती लाल होते. पुस्तकी व्युत्पत्तीपेक्षा लोकांनी जपलेले असे नाव मोलाचे.

माघ पौर्णिमेच्या सुमारास इथे महाराष्ट्रासह छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातून भाविक येतात. जायचे असेल तर गोंदिया–डोंगरगड मार्गावरील दरेकसा स्थानक जवळचे.