कडेगावहून एका दिवसाची लेणीयात्रा : आगाशिव आणि प्राचीन करहाकट

कडेगाव परिसरातील उपासक-उपासिकांना सुट्टीच्या एका दिवसात जाऊन परत येता येईल असे प्राचीन बौद्ध स्थळ कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही कऱ्हाडजवळील आगाशिव डोंगराचे नाव घेऊ. कडेगावहून कऱ्हाड हे एस. टी. ने साधारण तासाभराचे अंतर. शहराच्या नैऋत्येस जखिणवाडी व आगाशिव या गावांच्या बाजूने डोंगरावर साठाहून अधिक लेणी विखुरलेली आहेत. बहुतेक लोक माथ्यावरील महादेवाचे दर्शन घेऊन उतरतात. वाटेतील लेणी त्यांना निव्वळ रिकाम्या गुहा वाटतात. त्या रिकाम्या का वाटतात आणि त्यांत पाहावयाचे काय, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम नगराविषयी. कऱ्हाडचे प्राचीन नाव करहाकट किंवा करहाकड. हे नाव सर्वांत आधी आढळते ते कऱ्हाडात नव्हे, तर मध्य प्रदेशातील भारहूत येथे. तेथील स्तूपाचे अवशेष अलेक्झांडर कनिंगहॅम यांना १८७३ मध्ये आढळले. त्याच्या दगडी कठड्यावर दात्यांची नावे कोरलेली असून त्यांत करहाकट येथील निगमाच्या दानाची नोंद आहे. निगम म्हणजे व्यापारी वस्ती. याचा अर्थ असा की, हे दान कोणा राजाचे नव्हे, एका बाजारपेठेने एकत्र येऊन दिलेले आहे. कऱ्हाड ते भारहूत हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी हजार किलोमीटरच्या आसपास भरते. इ. स. पूर्वीच्या काळात कृष्णाकाठचे लोक एवढ्या दूरच्या स्तूपासाठी दान पाठवीत होते. कोकणातील कुडा लेण्यांतही करहाकडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने लेणे दिल्याचा लेख आहे. लोखंड विकणारा मनुष्य घाट उतरून जातो व तेथे भिक्खुसंघाला निवारा देतो, यावरून व्यापारी मार्ग आणि धम्माचा प्रसार यांचा संबंध ध्यानी यावा.

आता आगाशिवकडे वळू. विहार गावापासून फार दूर नसावा व फार जवळही नसावा, असा संकेत पालि विनयात आढळतो. भिक्षाटनास जाता यावे आणि एकांतही लाभावा, हा त्यामागील विचार. आगाशिव या कसोटीस पूर्ण उतरतो. येथील लेणी प्रामुख्याने आरंभीच्या परंपरेतील आहेत. त्या काळी येथे बुद्धमूर्ती घडविल्या जात नसत. स्तूप हेच वंदनाचे स्थान होते. म्हणून अजिंठ्याची चित्रे मनात ठेवून येथे येणाऱ्याची निराशा होते. एका चैत्यगृहाच्या दर्शनी भागी चक्र व सिंह यांची शिल्पे आहेत. अन्यत्र कोरीव काम बेताचेच आहे.

लेणे पाहताना पुढील क्रम ठेवावा. आधी मधला मंडप पाहावा. मग त्याभोवतीच्या लहान खोल्या मोजाव्यात; त्यावरून किती भिक्खू राहू शकत असतील याचा अंदाज येतो. खोलीतील दगडी ओटा हे त्यांचे शयन. बाहेर कोरलेले पाण्याचे टाके शोधावे. प्राचीन लेखांत त्यास पोढी म्हणतात. चैत्यगृहातील स्तूपाचा गोल पाया, त्यावरील अंड आणि वरची हर्मिका ही अंगे वेगवेगळी ओळखावीत. एवढे जमले की रिकामी गुहा रिकामी राहत नाही. वर्षावासाच्या चार भिंती डोळ्यांपुढे उभ्या राहतात. एका लेण्यातील धम्मलिपीतील लहानशा लेखात गोपालाचा पुत्र संघमित्र याने लेणे दान दिल्याचे नमूद आहे.

येथे दूरच्या एका नगराचा उल्लेख करावासा वाटतो. नेदरलँड्समधील लायडेन येथे १५७५ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. तेथील संस्कृतचे प्राध्यापक हेंड्रिक केर्न यांनी सद्धर्मपुंडरीक सूत्राचा इंग्रजी अनुवाद केला; तो १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला. नागपट्टणमच्या चूडामणी विहारास राजराज चोलाने आनैमंगलम गावाचे उत्पन्न दिले, त्याचे एकवीस ताम्रपट १८६२ मध्ये याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात पोहोचले आणि दीड शतकाहून अधिक काळ तेथे होते. तो विहार मात्र आज उभा नाही. भारहूतच्या कठड्याचे बहुतांश अवशेषही मूळ जागी नसून कोलकात्याच्या संग्रहालयात आहेत. लेख एका ठिकाणी आणि वास्तू दुसऱ्या ठिकाणी, किंवा वास्तूच नाहीशी, अशी आपल्या इतिहासाची अवस्था आहे. आगाशिवचे मोल यातच आहे. येथे दान, दात्याचे नाव आणि ज्या डोंगरात ते कोरले तो डोंगर, ही तिन्ही अद्याप एकत्र आहेत.

यात्रेस सकाळी लवकर निघावे. सोबत पिण्याचे पाणी आणि विजेरी असावी. पावसाळ्यात खडक निसरडा होतो, म्हणून वृद्धांनी व मुलांनी कोरड्या दिवसांत जाणे बरे. दुपारनंतर प्रीतिसंगमावर जावे. समोरासमोर येऊन मिळणाऱ्या कृष्णा-कोयनांकडे पाहिले की येथे बाजारपेठ का वसली असेल, याची कल्पना येते.

अखेरीस एक विनंती. जुन्या वास्तूंच्या भिंतींवर आपली नावे खरवडण्याची खोड आपल्याकडे सर्वत्र दिसते. मुलांना लेण्यात नेण्यापूर्वी संघमित्राची गोष्ट सांगावी. त्याने संघाला निवारा दिला, म्हणून त्याचे नाव त्या दगडावर आहे. आपण तेथे काही दिलेले नाही. तेव्हा जे आहे ते अक्षत ठेवणे, एवढेच दान आपल्या हाती आहे.