लॉकपोर्टची ‘गुहा’ गुहा नाही!

नायगरा पाहायला गेलेल्या आपल्या मंडळींचे फोटो आले, की त्यात हल्ली एक काळोखा फोटो हमखास असतो. ओल्या दगडाच्या भिंती, पिवळट दिवे, खाली संथ पाणी आणि त्यावर सपाट बुडाची नाव. फोटोखाली ओळ ठरलेली : ‘लॉकपोर्टची लाखो वर्षांपूर्वीची गुहा. निसर्गाची काय किमया!’ त्याखाली पंधरा-वीस जणांचे जोडलेले हात.

किमया आहे, वादच नाही. पण ती निसर्गाची नाही. घण, पहार आणि सुरुंगाची काळी दारू घेऊन माणसांनी खडकातून फोडून काढलेला हा पाण्याचा बोगदा आहे. त्याचं वय लाखो वर्षं सोडाच, दोनशेही नाही. तिथल्या तिकीट विकणाऱ्यांनी त्याला ‘केव्ह’ म्हटलं, पाहुण्यांनी ते खरं मानलं. गंमत म्हणजे आत नेणारे वाटाडे हा बोगदा माणसांनी खोदला असं व्यवस्थित सांगतात. ऐकतं कोण? सगळे फोटो काढण्यात गुंतलेले.

हा बोगदा मुळात का खोदावा लागला हे कळलं, की गुहेची समजूत आपोआप गळून पडते. त्यासाठी आधी कालव्याकडे जाऊ.

लॉकपोर्ट हे न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाचं, जेमतेम वीस हजार वस्तीचं शहर. नायगरा फॉल्सपासून गाडीने साधारण अर्ध्या तासावर. ते वसलं एरी कालव्यामुळे. हडसन नदीवरचं ऑल्बनी आणि एरी सरोवरावरचं बफेलो यांना जोडणारा हा ३६३ मैलांचा कालवा १८१७ साली खणायला घेतला आणि १८२५ साली पुरा झाला. वाटेत सगळ्यात मोठा अडसर होता नायगराचा कडा. ज्या कड्यावरून नायगरा कोसळतो, तोच कडा पूर्वेकडे पसरत जातो आणि लॉकपोर्टला कालव्याच्या वाटेत आडवा येतो. बोटी साठेक फूट वर चढवायच्या कशा? नेथन रॉबर्ट्स या अभियंत्याने पाच लॉक एकाला एक लागून बांधायचं ठरवलं. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. बोट आत घ्यायची, खालचा दरवाजा लावायचा, वरून पाणी सोडायचं, बोट बारा फूट उचलली जाते. असं पाच वेळा. जाणाऱ्या आणि येणाऱ्या बोटींची एकमेकींत अडवणूक नको म्हणून हे पाच हौदही जोडीने, शेजारी शेजारी. कड्याच्या माथ्यावर पुढे काही मैल सलग खडक फोडावा लागला. आयरिश मजुरांनी तिथे रक्ताचं पाणी केलं. कालव्याचं सगळ्यात शेवटी पुरं झालेलं काम हेच.

आता मुद्द्याची गोष्ट. लॉकपोर्टच्या वरचा कालवा एरी सरोवराच्या पाण्यावर भरतो. लॉकच्या खालून रॉचेस्टरपर्यंत साधारण साठ मैल कालवा सपाट जातो. एवढ्या लांब पट्ट्याला पाणी मुख्यतः वरूनच पुरवायला हवं, आणि बोट वर-खाली करताना लॉकमधून जे हौदभर पाणी सुटतं ते त्याला पुरं पडत नाही. म्हणून जास्तीचं पाणी लॉकला वळसा घालून खाली सोडावं लागे. पाणी पन्नास-साठ फुटांवरून रात्रंदिवस पडतंय आणि कोणी त्याचा उपयोग करत नाही, असं एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत शक्य नव्हतं. पिठाच्या गिरण्या आल्या, लाकूड कापायच्या गिरण्या आल्या. पाण्याच्या हक्कांवरून व्यवहार झाले, भांडणं झाली.

१८५९ साली बर्डसिल हॉली नावाचा कल्पक यंत्रज्ञ लॉकपोर्टला आला. त्याच्या नावाची ‘हॉली मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ निघाली. तिला ताकद हवी होती, आणि कालव्याच्या काठची सोयीची जागा आधीच भरलेली. तेव्हा वरच्या पातळीवरून पाणी घ्यायचं, जमिनीखालून खडकातून पुढे न्यायचं, कारखान्याजवळ जाड नळातून खाली आपटायचं, त्यावर टर्बाइन फिरवायचं आणि काम झालेलं पाणी खालच्या कालव्यात परत सोडायचं, हा मार्ग काढला गेला. बोगदा पुढे लांबवत नेला. हॉलीच्या कंपनीबरोबर रिचमंड नावाची कंपनी आणि कागदाचा लगदा करणारी लॉकपोर्ट पल्प कंपनी यांनीही त्याच्यावर आपली यंत्रं चालवली. म्हणजे आज आपण जिथे नावेत बसून ‘किती शांत!’ म्हणतो, तो कारखान्यांचा पाण्याचा नळ होता. चालू असताना तिथे कोणी नाव घातली असती, तर ती थेट टर्बाइनच्या तोंडाशी गेली असती.

एवढं सांगितलं, की दोन शंका येतातच. पहिली : ‘अहो, पण आत लवणस्तंभ आहेत. आम्ही डोळ्यांनी पाहिले.’ पाहिले असतील. छताला चुन्याच्या बारीक नळ्या लोंबतात, भिंतीवर ओघळ गोठल्यासारखे थर आहेत. पण त्यासाठी गुहा नैसर्गिक असावी लागत नाही. पावसाचं पाणी माती-खडकातून झिरपताना चुना विरघळवून घेतं. मोकळ्या हवेत थेंब लटकला, की विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि चुना मागे उरतो. पाणी हे काम करताना छत कोणी केलं याची चौकशी करत नाही. मुंबई-पुण्यातल्या एखाद्या जुन्या उड्डाणपुलाखाली उभं राहून वर बघा. काँक्रीटच्या सांध्यातून पांढऱ्या, पेन्सिलीहून बारीक नळ्या खाली आलेल्या दिसतील, टोकाला थेंबही असेल. काँक्रीटमधली रासायनिक क्रिया वेगळी, त्यामुळे तिथे त्या कितीतरी भराभर वाढतात, पण घडतं ते हेच. लॉकपोर्टचे स्तंभ अगदी बाल्यावस्थेतले आहेत आणि ते असेच असायला हवेत. दीडशे वर्षांत किती वाढणार?

दुसरी शंका जरा अभ्यासू माणसाची : ‘तिथला खडक विरघळणारा आहे ना? मग गुहा का नसेल?’ प्रश्न रास्त आहे. कड्याच्या माथ्यावरचा तो डोलोमाइट, पाण्यात हळूहळू विरघळणारा. नायगरा धबधब्याच्या माथ्यावरचा कठीण थरही तोच, आणि भूवैज्ञानिक जेम्स हॉल यांनी १८३९ साली त्याला नाव दिलं ते याच शहराचं. अशा खडकात नैसर्गिक पोकळ्या तयार होतात, लॉकपोर्टच्या परिसरातही छोट्या गुहा आहेत, आणि शहराखाली एक मोठी गुहा होती, तिचं तोंड बुजवलं गेलं, अशी जुनी दंतकथाही गावात ऐकू येते. पण पाण्याने विरघळून झालेली गुहा फटीफटीने वाट काढते. कुठे सरपटावं लागतं, कुठे दालन उघडतं. हा बोगदा कालव्याकडून कारखान्यांकडे निघतो, रुंदी-उंची साधारण सारखी ठेवतो आणि टर्बाइनच्या जागी येऊन संपतो. निसर्गाला कारखान्याचा पत्ता कोणी दिला? मजुरांनी मागे टाकलेल्या वस्तूही तिथे पाहायला मिळतात.

आपल्या बोरघाटातले रेल्वेचे बोगदे याच सुमाराचे. पुणे-मुंबई घाटमार्ग १८६३ साली सुरू झाला. तंत्रही हेच : पहारीने भोक पाडायचं, दारू ठासायची, वात पेटवून पळायचं. खंडाळ्याला गाडी बोगद्यात शिरली की ‘वा, काय नैसर्गिक गुहा’ असं कोणी म्हणत नाही. मग लॉकपोर्टच्या मजुरांनीच काय घोडं मारलंय?

बाकीचे गैरसमज एवढे चिवट नाहीत. भराभर हातावेगळे करू.

‘या बोगद्यातून पळून आलेले गुलाम कॅनडाला जात.’ अंडरग्राउंड रेलरोड हे नाव ऐकून हे डोक्यात बसतं. ती ना रेल्वे होती ना भुयार. माणसांची, घरांची आणि निरोपांची ती गुप्त साखळी होती. कारखान्याला पाणी पुरवणारा, कॅनडाच्या दिशेने न जाणारा, दुसऱ्या टोकाला बाहेर पडायची वाट नसलेला बोगदा पळून जाणाऱ्याच्या काय कामाचा? नायगरा नदी ओलांडायला त्या काळी झुलता पूल होता. १८५५ साली त्यावरून आगगाड्या सुरू झाल्या आणि याच साखळीत काम करणाऱ्या हॅरिएट टबमन यांनी त्यावरून माणसं पलीकडे नेली. या इतिहासाचं संग्रहालय नायगरा फॉल्स शहरात, रेल्वे स्थानकालगत, २०१८ पासून आहे. धबधब्यावर गेलाच आहात तर तिथे तासभर काढा.

‘अग्निशमनाचा हायड्रंट लॉकपोर्टला जन्मला.’ निम्मंच खरं. हायड्रंट हॉलीच्या आधीपासून होते. फिलाडेल्फियाच्या फ्रेडरिक ग्राफ यांना साधारण १८०१ सालच्या हायड्रंटचं श्रेय देतात, आणि तेही कागदोपत्री सिद्ध करता येत नाही, कारण अमेरिकेचं पेटंट कार्यालयच १८३६ च्या आगीत जळालं! हॉलीचं १८६९ चं पेटंट आहे ते अख्ख्या व्यवस्थेचं : उंच टाकी न बांधता पंपाने थेट नळांत दाब ठेवायचा आणि आग लागली की तो वाढवायचा. पंप फिरायचे कालव्याच्याच पाण्यावर. माझ्या मते नुसत्या हायड्रंटपेक्षा ही कल्पना कितीतरी मोठी आहे. शिवाय १८७७ साली त्याने एका बॉयलरमधून जमिनीखालच्या नळांनी घराघरांत वाफ पोचवून घरं गरम करण्याचा व्यवसाय सुरू केला. लॉकपोर्टची जमिनीखालची खरी नवलाई ही. तिला तिकीट नाही, म्हणून तिचा फोटोही नाही.

‘तिथला रेल्वे पूल चुकून उलटा बांधलाय’, किंवा याहून चटकदार म्हणजे ‘रेल्वे कंपनीने कालव्यातल्या बोटी अडाव्यात म्हणून मुद्दाम उलटा बांधला.’ दोन्ही थापा. पोलादी सांगाडा खाली आणि रूळ वर, हा पुलाचा सर्वमान्य प्रकार आहे. रेल्वे कड्याच्या उंचीवरून जाते आणि कालवा लॉकच्या खाली, तेव्हा सांगाड्याला खाली हवी तेवढी जागा होती. बोटी अडवायच्याच तर कालव्यावरचे इतर स्थिर पूल ते काम करतातच. या पश्चिम भागात बोटीला पाण्यापासून साडेपंधरा फुटांपेक्षा जास्त उंची चालत नाही, ही मर्यादा कालव्याच्या अधिकृत माहितीत छापलेली आहे. उंचावरच्या पुलाने आणखी काय अडवायचं?

‘जगातला सर्वांत रुंद पूल लॉकपोर्टला आहे.’ शहराच्या मध्यात कालव्यावर ३९९ फूट रुंदीचा पूल आहे खरा. पण त्याची लांबी १२९ फूट. कालव्यावर चौकच टाकलाय म्हणा ना. कशाला पूल म्हणायचं यावर हा विक्रम अवलंबून आहे, म्हणून त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

‘जगातली सर्वांत लांब भूमिगत नौकाफेरी.’ तिथल्या जाहिरातीतला दावा अमेरिकेपुरता आहे. जग आपण जोडलं. फिलिपिन्समधल्या पोर्तो प्रिन्सेसाच्या भूमिगत नदीत नाव चार किलोमीटरपेक्षा जास्त आत जाऊ शकते. ती खरी, निसर्गाने केलेली गुहा आहे, आणि १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

‘पाच पायऱ्यांचे लॉक १८२५ चेच.’ नाही. कालवा पुढे रुंद आणि खोल केला गेला तेव्हा, १८४० च्या दशकात, ते नव्याने बांधले. त्यांच्या शेजारची जोडरांग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढून तिथे दोनच मोठे लॉक बसवले, ३४ आणि ३५ क्रमांकांचे. आजच्या बोटी त्यातून जातात. हो, आजच्या. कालवा बंद पडलेला नाही. मालवाहतूक जवळजवळ आटली, पण उन्हाळ्यात हौशी लोकांच्या बोटींची ये-जा असते.

शेवटचा गैरसमज मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘पाणी कमरेएवढंच असतं, नाव उलटली तरी काय होणार?’ १२ जून २०२३ रोजी याच बोगद्यात २९ जणांना घेऊन निघालेली नाव उलटली. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, अनेकांना रुग्णालयात न्यावं लागलं. अंधार, थंड पाणी, वर दगडी छत आणि बाजूला चढायला काठ नाही, अशा ठिकाणी पाच-सहा फूट पाणीही पुष्कळ होतं. तेव्हा जायचं ठरवलंत तर नावेची फेरी चालू आहे का, जीवरक्षक जॅकेट मिळतं का, हे निघण्याआधी विचारून घ्या आणि म्हाताऱ्या माणसांना भरीला घालू नका. लॉकच्या काठावर उभं राहून बोट पन्नास फूट वर चढताना बघायला पैसे पडत नाहीत.