सावली हरवते त्या दुपारी

मे महिन्याच्या १९-२० तारखेला जालन्यात राहणाऱ्या कुणीही हा खेळ करून बघावा. डोक्याला रुमाल बांधायचा, पाण्याची एक बाटली घ्यायची आणि मस्तगडाच्या जुन्या गढीजवळ एखाद्या मोकळ्या, सपाट जागी ती सरळ उभी करायची. घड्याळात बारा वाजून बावीस-तेवीस मिनिटं झाली की बाटलीच्या भोवती बघायचं. बाटली आहे, रणरणतं ऊन आहे, पण सावली? सावली गायब!

ती कुठं पळालेली नसते. सूर्य बरोबर डोक्यावर आलेला असतो, म्हणून सावली बाटलीच्या बुडाखाली दडून बसते. याला शून्य सावली दिवस म्हणतात. जालन्यात तो वर्षातून दोनदा येतो. दुसरा येतो जुलैच्या शेवटच्या आठवड्याच्या सुरुवातीला, पण तेव्हा बहुतेक ढग मधे येतात.

आता बाटली सोडा आणि घरांकडे बघा. त्या घटकेला भिंतींवर ऊन जवळजवळ नाहीच. सगळं ऊन छतावर कोसळतंय. छताच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे हजार वॅट! म्हणजे एक चांगली इस्त्री चालेल एवढी ऊर्जा. दहा बाय दहा फुटांच्या खोलीचं छत नऊ चौरस मीटरहून थोडं मोठं असतं. म्हणजे नऊ इस्त्र्या छतावर पालथ्या घालून कुणीतरी बटणं चालू केली आहेत, असं समजा. मग रात्री दहा वाजताही स्लॅब गरम का लागतो, हे कोडं उरत नाही.

पण याच उन्हावर पंखा चालवता आला तर? आणि मुळात घर तापूच दिलं नाही तर? हे दोन प्रश्न घेऊन आपल्याच राज्यातले काही विद्यार्थी थेट फ्रान्सला पोचले होते. त्यांच्या संघाचं नाव काय असेल सांगा बरं? शून्य!

मुंबईची आयआयटी आणि रचना संसद संस्थेचं वास्तुकला महाविद्यालय, इथल्या विद्यार्थ्यांचा हा संघ. 'सोलर डेकॅथलॉन' नावाची एक स्पर्धा आहे. ती २००२ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. डेकॅथलॉन म्हणजे दहा खेळांची शर्यत. इथं धावायचं-उड्या मारायचं नसतं, तर विद्यार्थ्यांनी खरंखुरं, राहता येईल असं घर बांधायचं असतं आणि त्या घराची दहा प्रकारांनी परीक्षा होते. २०१४ च्या जून-जुलैमध्ये या स्पर्धेची युरोपातली फेरी फ्रान्समधल्या व्हर्साय इथं भरली होती. तिथं जगभरातल्या संघांच्या रांगेत भारताचा संघ पहिल्यांदाच उभा राहिला. व्हर्सायचा राजवाडा ज्यानं वाढवला, त्या चौदाव्या लुई राजाला लोक 'सूर्यराजा' म्हणत. सूर्यराजाच्या अंगणात सूर्यावर चालणारी घरं! यापेक्षा चांगली जागा कुठं मिळाली असती?

घर मुंबईचं आणि स्पर्धा फ्रान्सला, मग घर नेलं कसं? सुटे भाग करून, कंटेनरमध्ये भरून, जहाजानं. तिथं पोचल्यावर मोजक्या दिवसांत ते पुन्हा जोडायचं होतं. तुम्ही मेकॅनोचे नटबोल्ट लावता ना, तसंच. फक्त इथं हातात क्रेन आणि डोक्यावर हेल्मेट. आणि घर नुसतं उभं करून भागत नाही. त्यात स्वयंपाक करायचा, कपडे धुवायचे, फ्रीज थंड ठेवायचा, शेजारच्या संघांना जेवायला बोलवायचं. खोलीत फार उकडता कामा नये, फार गारठताही कामा नये. आणि किती वीज बनवली, किती खर्च केली, याचा मीटर सतत चालू! मला या स्पर्धेत हेच सगळ्यात आवडतं. चित्रातलं घर कुणीही छान काढेल. पाहुणे जेवायला आले की खरी कसोटी.

घराचं नावही शून्याशी नातं सांगणारं होतं: 'एच नॉट'. इंग्रजी एच अक्षराच्या पायाशी छोटंसं शून्य. घरानं वर्षभरात जेवढी वीज वापरली, तेवढी छतावर बनवली, की वजाबाकीचं उत्तर येतं शून्य. रात्री सूर्य नसतो, तेव्हा तारेतून वीज घ्यायची. दुपारी उरलेली वीज त्याच तारेतून परत द्यायची. उसनी साखर फेडावी तशी.

हे शून्य गाठायचे रस्ते दोन. एक, छतावर भरपूर सौर पॅनेल लावा. दुसरा, घराची भूकच कमी करा. हुशार मंडळी दुसऱ्या रस्त्यानं सुरुवात करतात. का? चला, हिशेब करू. छतावरची एक किलोवॅटची पॅनेलं आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतात. घरात ७५ वॅटचे दोन जुने पंखे बारा तास फिरले, तर ७५ गुणिले २ गुणिले १२, म्हणजे १,८०० वॅट-तास. हजार वॅट-तासांचं एक युनिट. झाले पावणेदोन युनिटच्या वर! जवळजवळ अर्धी वीज नुसते पंखेच खाऊन बसले. आता ३० वॅटचे नवे बीएलडीसी पंखे लावा. उत्तर येतं ७२०. तोच वारा, आणि युनिटभर वीज शिल्लक. तीन जुने ६० वॅटचे पिवळे दिवे काढून ९ वॅटचे एलईडी लावले, तर काय होईल? पाच तास धरून तो हिशेब तुम्हीच करा.

पण थांबा. मुंबईसाठी विचार केलेलं घर मस्तगडाच्या बाजूला तसंच्या तसं आणून ठेवलं, तर चालेल का? मला विचाराल तर नाही. मुंबईत हवा ओली आणि घामट. तिथं घरातून सतत वारा खेळता ठेवावा लागतो. जालन्यात एप्रिल-मे म्हणजे कोरडा चटका. दुपारचं वारं आत घेतलं तर भट्टीचं दार उघडल्यासारखं होतं. म्हणून इथली आजी सकाळी नऊ-दहालाच खिडक्या लावून घेते आणि रात्री सगळ्या उघडून टाकते. आजीकडे मीटर नसतो, पण तिचं गणित पक्कं असतं.

मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरं आठवा. मातीच्या हात-दीड हात जाड भिंती, वर लाकडी सरांवर मातीचा जाड थर. दुपारचं ऊन अशा भिंतीतून आत शिरायला निघतं आणि वाटेतच त्याला तास लागतात. ते आत पोचेपर्यंत बाहेर संध्याकाळ झालेली असते, घरची माणसं अंगणात बाजा टाकून पडलेली असतात. दगडी भिंतीचंही तसंच. मस्तगडाची गढी १७२५ मध्ये आसफजाह निजामाच्या हुकमावरून काबील खानानं बांधली. अशा जुन्या दगडी भिंतीला दिवेलागणीला तळहात लावून बघा. सूर्य मावळलेला असतो, आणि दगड अजून दुपारच्या उन्हातच असतो!

कोरड्या हवेची आणखी एक गंमत म्हणजे आपला कूलर. माठातलं पाणी गार होतं, त्याच युक्तीवर कूलर चालतो. पाणी वाळताना भोवतालची उष्णता शोषून घेतं. एक लिटर पाणी वाळलं की ते जवळजवळ दोन-तृतीयांश युनिट एवढी उष्णता पळवून नेतं. मुंबईच्या ओल्या हवेत पाणी वाळायलाच तयार नसतं, म्हणून तिथं कूलर रुसतो. इथं तो मजेत चालतो. पण जालन्यानं २०१२-१३ चा दुष्काळ पाहिलाय. ज्या गावात घागरभर पाण्यासाठी टँकरची वाट बघावी लागली, तिथं कूलरमध्ये पाणी ओतण्याआधी सावलीचा विचार व्हायला हवा. सावलीला एक थेंबही लागत नाही.

आणि इथं पॅनेल दुहेरी काम करतं! छतापासून वीतभर उंचावर बसवलेलं पॅनेल वीज तर बनवतंच, शिवाय छतावर छत्रीही धरतं. ती वीतभर फट मात्र हवीच. कारण सौर पॅनेलला ऊन आवडतं, पण उष्णता मुळीच आवडत नाही. पॅनेलचं तापमान एका अंशानं वाढलं की त्याची वीज साधारण ०.४ टक्क्यांनी घटते. खालून वारं वाहतं राहिलं तर तेही खूश, छतही खूश.

तसं उन्हातून वीज निघते हे पहिल्यांदा कुणाच्या ध्यानात आलं, माहीत आहे? फ्रान्समधल्याच एका मुलाच्या. एडमंड बेकरेल त्याचं नाव, साल १८३९. तो तेव्हा १९ वर्षांचा होता आणि वडिलांच्या प्रयोगशाळेत खटपट करत होता. म्हणजे शून्य संघातल्या ताई-दादांच्याच वयाचा!

तुम्हाला प्रयोगशाळाही नको. बुटांचे तीन सारखे खोके घ्या. एकाचं झाकण काळ्या कागदानं मढवा. दुसऱ्याला चुना लावा. तिसऱ्यालाही काळाच कागद, पण त्याच्यावर चार बाटल्यांची टोपणं ठेवून वर एक पुठ्ठा आडवा टाका. ते झालं तुमचं पॅनेल. तिन्ही खोके उन्हात ठेवा, बाजूच्या भोकातून आत तापमापक सरकवा आणि दर दहा मिनिटांनी आकडे लिहा. कोणता खोका जिंकेल, याची पैज आधी लावा, आकडे नंतर बघा.

आणि ती पाण्याची बाटली जपून ठेवा. २२ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या आत-बाहेर तिला पुन्हा मस्तगडाजवळ त्याच जागी उभी करायची आहे. मे महिन्यात हरवलेली सावली आता उत्तरेला लांब पसरलेली असेल, बाटली जेवढी उंच, जवळपास तेवढीच लांब. सूर्य दक्षिणेला खाली उतरलेला असतो ना! तेवढ्यात घरी पळा आणि दक्षिणेकडची खिडकी बघा. तिच्यावर दोन फुटांचा छज्जा असेल, तर त्याची सावली खिडकीच्या वरच्या दोनेक फुटांवरच थांबलेली असेल. मे महिन्यात ज्या छज्ज्यानं दुपारचं ऊन आत येऊ दिलं नव्हतं, त्याच्याच खालून थंडीतलं कोवळं ऊन आत येऊन फरशीवर बसलेलं असेल. बहुधा तुमच्या मांजराच्या शेजारी.