मुका क्रमांक, बोलकी नोंद

एखाद्या बँकेच्या एक्सेल फाइलमध्ये 5,000 कंपन्यांची यादी आहे, असं समजा. प्रत्येक नावापुढे 20 अक्षरांचा एलईआय, म्हणजे ‘लीगल एंटिटी आयडेंटिफायर’ टिपलेला आहे. त्यातले किती क्रमांक खरे, किती मुदत संपलेले, किती भलत्याच कंपनीचे? एकेक तपासत बसलं तर कर्मचाऱ्याचे कित्येक दिवस त्यातच जातील. एकगठ्ठा शोध घेणारं सॉफ्टवेअर हेच काम काही मिनिटांत उरकतं.

या क्रमांकाची गरज जगाला 15 सप्टेंबर 2008 रोजी कळली. त्या दिवशी अमेरिकेतल्या लेहमन ब्रदर्सनं दिवाळखोरीचा अर्ज केला. या समूहात हजारो कंपन्या होत्या. त्यातल्या नेमक्या कोणत्या कंपनीत कोणाचे किती पैसे अडकलेत, हे नियामकांना पटकन सांगता येईना. एकाच कंपनीची नोंद प्रत्येक ठिकाणी वेगळ्या नावानं आणि वेगळ्या क्रमांकानं होती. मग जी-20 देशांनी पुढाकार घेतला. 2012 मध्ये आयएसओ 17442 हे मानक आलं आणि 2014 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला देखरेख करणारी संस्था उभी राहिली. भारतात हे क्रमांक देणारी संस्था मुंबईत आहे. 1 एप्रिल 2021 पासून कंपन्या-संस्थांच्या 50 कोटी रुपये आणि त्यावरच्या एनईएफटी-आरटीजीएस व्यवहारांत पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा एलईआय नोंदवणं रिझर्व्ह बँकेनं बंधनकारक केलं.

आपल्या कंपन्यांना सरकारी नोंदणीत मिळणाऱ्या 21 अक्षरी सीआयएनमध्ये, म्हणजे ‘कॉर्पोरेट आयडेंटिटी नंबर’मध्ये, अर्थ ठासून भरलेला असतो. सुरुवातीला ‘एल’ असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, ‘यू’ असेल तर नाही. पुढे उद्योग, राज्य आणि स्थापनेचं वर्ष. त्यामुळे कंपनी बाजारात उतरली किंवा तिचं नोंदणीकृत कार्यालय गोव्यातून महाराष्ट्रात आलं, की सीआयएन बदलतो. एलईआयची रचना मुद्दाम मुकी ठेवली आहे. पहिली चार अक्षरं क्रमांक देणाऱ्या संस्थेची, शेवटचे दोन अंक पडताळणीचे. मधल्या 14 अक्षरांना काहीच अर्थ नाही. म्हणूनच नाव बदललं, पत्ता बदलला तरी क्रमांक तोच राहतो. मात्र नोंद उघडल्याशिवाय त्यावरून कंपनीबद्दल काहीही कळत नाही. शोधाची सोय नसेल, तर असा क्रमांक निरुपयोगीच.

सॉफ्टवेअरची पहिली चाळणी इंटरनेटशिवाय चालते. ‘ए’साठी 10, ‘बी’साठी 11, असं करत ‘झेड’साठी 35 लिहायचे. तयार झालेल्या लांबलचक संख्येला 97 नं भागल्यावर बाकी 1 उरायला हवी. एखाद्या अंकाच्या जागी दुसरा अंक पडला किंवा शेजारचे दोन वेगळे अंक उलटे झाले, तर बाकी हमखास बदलते. तरीही या गणिताला एक गमतीदार भोक आहे. ‘बी1’ चुकून ‘1बी’ असं लिहिलं, तर दोन्हींचं रूप 111 होतं आणि चूक निसटते.

चाळणीतून उतरलेले क्रमांक बाझेलच्या संस्थेकडच्या मूळ नोंदींशी ताडायचे असतात. यादी छोटी असेल, तर सॉफ्टवेअर सर्व्हरला एका वेळी अनेक क्रमांक विचारतं. लाखोंची असेल, तर 20 लाखांहून अधिक नोंदींची अख्खी फाइलच उतरवून घेणं सोयीचं. ही फाइल विनामूल्य मिळते आणि दिवसातून तीनदा ताजी होते. तिच्यावर ‘हॅश’ पद्धतीची सूची बांधली, की क्रमांकावरून नोंदीची जागा थेट गणितानं काढता येते; नोंदी दुप्पट झाल्या तरी एका शोधाला लागणारा वेळ जवळपास तेवढाच राहतो.

हाती क्रमांक नसून फक्त नाव असेल, तर काम अवघड होतं. सॉफ्टवेअर आधी ‘प्रा. लि.’ आणि ‘प्रायव्हेट लिमिटेड’ यांना एका साच्यात आणतं. मग एका नावाचं दुसरं नाव करायला किती अक्षरं बदलावी लागतात, ते मोजतं. रशियन गणितज्ञ लेव्हेनश्टाइन यांनी 1965 मध्ये मांडलेलं हे अंतर टंकलेखनातल्या चुका छान पकडतं; पण ‘ट्रेडर्स’ आणि ‘ट्रेडिंग’ या दोन वेगळ्या कंपन्याही त्याला जवळच्या वाटतात. अशा वेळी देश आणि सीआयएन जुळतात का, ते पाहावं लागतं. तरीही शंका उरली, तर निर्णय माणसानंच घ्यायचा.

उत्तरातला ‘लॅप्स्ड’ हा शेराही नीट समजून घ्यायला हवा. त्याचा अर्थ नोंदीचं वार्षिक नूतनीकरण राहिलं, एवढाच. कंपनी जोमात चालू असू शकते. उलट ‘इश्यूड’ म्हणजे कंपनीच्या सचोटीचं प्रशस्तिपत्र नव्हे. माहिती कंपनीनंच दिलेली असते, क्रमांक देणारी संस्था ती सरकारी दप्तराशी पडताळते आणि पुढच्या नूतनीकरणापर्यंत ती शिळी होऊ शकते. म्हणून अशा सॉफ्टवेअरच्या निकालात नाव-पत्त्याइतकाच नोंद शेवटची अद्ययावत झाल्याचा दिनांकही महत्त्वाचा. कोट्यवधींचा व्यवहार करणाऱ्यानं तो रकाना आधी वाचावा.