तंजावरचे भोसले घराणे

दक्षिण भारतातील एक मराठी राजघराणे. कावेरीच्या खोऱ्यात त्याची सत्ता सु. १६७६ पासून १८५५ पर्यंत टिकली. शहाजीराजे व तुकाबाई यांचा पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी हा या घराण्याचा संस्थापक. मदुरेकरांनी घेतलेले तंजावर परत मिळवून देण्यासाठी विजापूरच्या आदिलशाहाने त्यास धाडले. पण नायक वारसास गादीवर बसविल्यानंतर थोड्याच अवधीत त्याने राज्य स्वतःकडे घेतले. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्याकडे वडिलार्जित दौलतीचा अर्धा वाटा मागितला.

एकोजीचा पुत्र शहाजी (कार. १६८४–१७१२) विद्वानांचा आश्रयदाता होता. त्याच्या नावावरील लक्ष्मीनारायणकल्याण हे मराठीतील अतिप्राचीन नाटकांपैकी एक होय.

तुकोजीच्या मृत्यूनंतर (१७३६) तीन वर्षांत तिघे जण सत्तेवर आले; त्यांत सुजानबाई ही राणी होती आणि सवाई शहाजी ऊर्फ काट्टुराजा हा तोतया मानला जातो. पुढे प्रतापसिंहाने (कार. १७३९–६३) स्थैर्य आणले. तथापि काट्टुराजाचा पक्ष घेऊन आलेल्या इंग्रजांनी १७४९ मध्ये देवीकोट्टई घेतले व प्रतापसिंहाने ते त्यांच्याकडे राहू देताच काट्टुराजाला वाऱ्यावर सोडले. तंजावरच्या वारसाहक्कात कंपनीचा शिरकाव झाला तो असा. १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबाने कंपनीच्या फौजेच्या बळावर राज्य जिंकले. १७७६ मध्ये कंपनीनेच ते तुळजाजीस परत दिले.

तुळजाजीने मृत्यूपूर्वी (१७८७) सरफोजीस दत्तक घेतले. मुलगा एकुलता असल्याने व त्याचे वय अधिक असल्याने दत्तविधान अशास्त्रीय ठरते, असा पंडितांचा अभिप्राय मिळवून कंपनीने तुळजाजीचा सावत्र भाऊ अमरसिंह यास गादी दिली. मिशनरी श्वार्ट्‌झ याने सरफोजीची बाजू लावून धरली. नंतर अन्य पंडितांनी तेच दत्तविधान वैध ठरविले आणि १७९८ मध्ये सरफोजी राजा झाला. शास्त्र तेच होते, कंपनीची गरज मात्र बदलली होती. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने त्याने राज्यकारभार कंपनीस दिला. त्याच्याकडे किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. राज्य गेल्यावर त्याने ग्रंथसंग्रह वाढविला, देवनागरी छापखाना काढला, इसापच्या कथांचे मराठी भाषांतर छापविले (१८०६) आणि १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला.

त्याचा पुत्र शिवाजी १८५५ मध्ये निपुत्रिक वारला. त्यास मुली होत्या. परंतु कंपनीने राजपद खालसा केले. पुढील वर्षी रेसिडेंट फोर्ब्स याने लष्कराच्या मदतीने राजवाडा व खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईने मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावून तो जिंकला; पण १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरविला. जप्ती हे राज्यकृत्य आहे, ते न्याय्य असो वा अन्याय्य, न्यायालयास त्याची शहानिशा करता येत नाही, असे त्याने ठरविले. हिंदुस्थानात पुढेही हा निर्णय वारंवार आधारास घेतला गेला. १८६२ मध्ये मालमत्ता राण्यांना परत मिळाली, ती हक्क म्हणून नव्हे, सरकारी मेहेरबानी म्हणून.

घराण्याचा ग्रंथसंग्रह १९१८ मध्ये सार्वजनिक झाला. सरस्वती महाल ग्रंथालयात आज तीन हजारांवर मराठी हस्तलिखिते आहेत.