घुबडाला झोपू द्या

घुबडाचे दिवसा काढलेले छायाचित्र पाहताना आपली नजर आधी डोळ्यांवर जाते. ते टक्क उघडे आणि थेट कॅमेऱ्यावर रोखलेले असले की दाद मिळते. माझे मत उलट आहे. रात्री शिकार करणारे घुबड भर दुपारी असे बघत असेल, तर बहुतेक वेळा छायाचित्रकार नको तितका जवळ गेलेला असतो. या कामातले खरे कौशल्य घुबड शोधण्यात आहे. ते सापडल्यावर त्याच्या दिनक्रमात शक्य तितकी कमी ढवळाढवळ करावी.

शोधण्यासाठी पक्ष्याला डिवचावे लागत नाही, खुणा वाचता आल्या म्हणजे पुरे. खोडावर किंवा कड्यावर विष्ठेचे पांढरे ओघळ दिसतात. खाली घुबडाने ओकलेल्या करड्या गोळ्या पडलेल्या असतात. वाळलेली गोळी काडीने उकलली तर केसांच्या गुंत्यात उंदराचा जबडा आणि त्याचे पिवळट-नारिंगी दात सापडतात. बुलबुल, कोतवाल, खारी एकाच फांदीभोवती कालवा करत असतील, तर तिथे घुबड असण्याची शक्यता मोठी. पिंगळा जुन्या आंब्या-वडाच्या ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतो. शृंगी घुबड ओढ्याकाठच्या दरडीत किंवा खडकाच्या कपारीत दिवस काढते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की पक्षी उडाला नाही म्हणजे त्याला त्रास झाला नाही. पण दिवसा न हलणे हाच घुबडाचा बचाव आहे. ते अंग आक्रसून उभट होते, पिसे घट्ट मिटते, डोळ्यांच्या फटीतून पाहत राहते. पिंगळा मान खाली-वर करत अंतराचा अंदाज घेतो. ही अस्वस्थतेची लक्षणे आहेत. ती दिसताच मागे सरकावे. घुबड उडालेच, तर कावळे त्याच्या मागे लागतात आणि विणीच्या काळात पिल्ले उघडी पडतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: छायाचित्रे नसतील तर दुर्मीळ पक्ष्यांची नोंद कशी होणार? रानपिंगळा या दुर्मीळ घुबडाचेच पाहा. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या पक्षी-अभ्यासकांना तो शहाद्याजवळ सकाळच्या उजेडात दिसला. त्याचा आवाज तोवर ध्वनिमुद्रितच झालेला नव्हता, त्यामुळे आवाज वाजवून त्याला बोलावण्याचा प्रश्नच नव्हता. रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने अभ्यासले होते. ठिपके जवळजवळ नसलेला माथा आणि पिसांनी झाकलेले दणकट पाय ही ओळख त्यांना ठाऊक होती. म्हणजे नोंद झाली ती अभ्यासामुळे. शिवाय रानपिंगळा दिवसाही शिकार करतो. मोबाइलवर आवाज वाजवून त्याला खेचले, तर नसलेल्या प्रतिस्पर्ध्यामागे त्याचा शिकारीचा वेळ वाया जातो.

नोंद जरूर करावी, पण लांब भिंगाने, थोडक्यात, ध्वनिमुद्रण न वाजवता. ढोलीचा नेमका पत्ता जाहीर करू नये, कारण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून असूनही अंधश्रद्धेपोटी घुबडे आजही पकडली जातात. आणि वाचकहो, मिटल्या डोळ्यांच्या घुबडाचे छायाचित्र समोर आले, तर त्यालाही मनापासून दाद द्या.