खेळण्यांची पिशवी

जमैकाची राजधानी किंग्स्टन, साल १९८६-८७. शहरातल्या गरीब वस्त्यांमध्ये काही आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा ठरलेल्या घरी जात. शिक्षण बेताचं, हुद्दा आरोग्यखात्याच्या उतरंडीत अगदी खालचा. आपल्याकडच्या आशाताई डोळ्यांसमोर आणा. प्रत्येकीच्या खांद्याला एक पिशवी असे. तिच्यात प्लास्टिकच्या बाटलीत मणी घालून केलेला खुळखुळा, बाटल्यांच्या झाकणांची माळ, खोक्यांचे ठोकळे, चिंध्यांची बाहुली, हाताने काढलेल्या चित्रांचं एखादं पुस्तक. घरात शिरलं की ती बाई जमिनीवरच बसकण मारायची, समोर आई आणि मूल. तासाभराने निघताना खेळणी तिथेच ठेवायची आणि पुढच्या खेपेला ती परत घेऊन दुसरी द्यायची.

सॅली ग्रॅन्थम-मॅकग्रेगर या ब्रिटिश डॉक्टर आणि वेस्ट इंडीज विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांचा हा अभ्यास. नऊ ते चोवीस महिन्यांची १२९ मुलं त्यांनी निवडली, सगळी वयाच्या मानाने खुजी राहिलेली. त्यांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला एक किलो दुधाची पावडर, दुसऱ्याला पिशवीवाली बाई, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला यातलं काही नाही. पण आजारपणाची चौकशी करायला कुणीतरी दर आठवड्याला चौथ्या गटाच्या घरीही जात होतं आणि औषधपाणी सगळ्यांनाच मोफत होतं. दोन वर्षं हे चाललं. शेवटी तपासणी झाली तेव्हा दूध आणि खेळ दोन्ही मिळालेली मुलं आसपासच्या, उंची नीट वाढलेल्या मुलांच्या जवळपास बरोबरीला आली होती. नुसतं दूध मिळालेली आणि नुसता खेळ मिळालेली मुलं मधे कुठेतरी होती. काहीच न मिळालेली मागेच राहिली होती.

एवढ्यावर संपतं तर हा अभ्यास मी एव्हाना विसरूनही गेले असते. पण या मंडळींनी मुलांचा माग सोडला नाही. सात वर्षांची झाली तेव्हा गाठलं, अकराव्या वर्षी गाठलं, पुढे सतरा-अठराव्या आणि बाविसाव्या वर्षीही शोधून काढलं. दुधाचा फायदा तोवर दिसेनासा झाला होता. खेळाचा टिकला होता. ज्यांच्या घरी ती पिशवी आली होती ती मुलं बुद्धीच्या चाचण्यांत पुढे होती, जास्त शिकली होती, मारामाऱ्यांत कमी अडकली होती आणि उदासीनतेची लक्षणंही त्यांच्यात कमी होती. बाविसाव्या वर्षी त्यांची कमाई, खेळ न मिळालेल्या मुलांपेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी जास्त होती. हा निष्कर्ष २०१४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला.

मी आयुष्यभर अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून काम केलं. माझा बीट अकोले तालुक्यातला, राजूरच्या पुढे डोंगरात शिरणाऱ्या गावांचा. अंगणवाडीच्या कामातलं एक उघड सत्य बाहेरच्या लोकांना माहीत नसतं. तीन वर्षांपुढचं मूल अंगणवाडीत येऊन बसतं, गाणी म्हणतं, गरम आहार खातं. तीन वर्षांच्या आतलं मूल आम्हाला भेटतं ते मुख्यतः वजनकाट्यावर. साल्टर काट्याच्या झोळीत बसवलं की ते भोकाड पसरतं, ताई आकडा वाचते, वृद्धी आलेखावर टिंब पडतं, आई टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या आहाराची, पाकिटं उचलते आणि निघते. या भेटीत त्या मुलाशी कुणी बोलतं का, आई घरी त्याच्याशी काय बोलते, हे विचारणारा रकाना मी वापरलेल्या एकाही रजिस्टरात नव्हता. आणि मेंदूची सर्वांत झपाट्याची वाढ नेमकी याच काळात होते. जन्मतः मेंदूचं वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या पावपट असतं, दुसऱ्या वाढदिवसापर्यंत ते तीन चतुर्थांशाच्या आसपास पोचतं.

आया बोलत नाहीत यात त्यांचा दोष नाही. पाऊस सरला की आमच्या डोंगरातली जोडपी नारायणगाव, आळेफाट्याकडे शेतमजुरीला जातात. मूल शेताच्या बांधावर झोळीत, नाहीतर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर, नाहीतर गावी आजीपाशी. गृहभेटीत एका आजीला मी म्हटलं, ‘‘आजी, ह्याच्याशी बोलत जा हो.’’ ती म्हणाली, ‘‘मॅडम, त्याला बोलता कुठं येतंय अजून? मग त्याच्याशी बोलायचं काय?’’ किती सरळ विचार आहे हा! मूल बोलू लागलं की आपण बोलायचं. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. मूल हुंकार देतं, त्याला कुणी उत्तर दिलं की दुसऱ्यांदा देतं. पाहिलेल्या वस्तूकडे बोट करतं, कुणी नाव सांगितलं तर पुढच्या वेळी तिथेच पुन्हा बोट नेतं. उत्तर मिळेनासं झालं की हळूहळू विचारणंच थांबवतं. वीस-बावीस महिन्यांची अशी गप्प मुलं मी पुष्कळ पाहिली. वजन हिरव्या पट्ट्यात, आणि डोळे मात्र कुठेच न लागलेले.

किंग्स्टनच्या त्या तासात नेमकं काय चालायचं, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. ती बाई मुलाला शिकवायला जात नव्हती. ती आईला सोबत घेऊन खेळायला जात होती. आधी गेल्या आठवड्याची विचारपूस, मुलाने नवीन काय केलं, कोणता खेळ आवडला. आईने जे केलं असेल त्याचं तोंड भरून कौतुक. मग नवा खेळ आधी स्वतः मुलाबरोबर खेळून दाखवायचा आणि खेळणं आईच्या हातात द्यायचं. खेळ क्रमाने कठीण होत जात. दोन ठोकळे एकावर एक जमले की तिसरा, झाकण उघडता आलं की आत लपवलेलं शोधायचं, चित्रात कुत्रा ओळखता आला की कुत्रा काय करतोय ते विचारायचं. मग एक गाणं. आणि निघताना, आंघोळ घालताना, स्वयंपाक करताना हाच खेळ कसा चालू ठेवायचा, हे सांगायचं. आठवड्यातला तो तास बाईचा, उरलेला आठवडा आईचा. चौथ्या गटाच्या घरीही दर आठवड्याला माणूस जात होता, पण चौकशी करून परतत होता, आणि तिथे मुलांत फरक पडला नाही. नुसती गृहभेट झाली, नोंद झाली, सही झाली, याने काही होत नाही, हे मी या अभ्यासातून घेतलं.

आता कुणी म्हणेल, मग आहार बंद करून खेळणीच वाटा. तसं मुळीच नाही. ग्वाटेमालाच्या पूर्व भागातल्या चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात दुसरा एक मोठा अभ्यास झाला. दोन गावांत मुलांना रोज ‘अतोले’ नावाची दूध आणि प्रथिनं असलेली घट्ट पेज मिळत होती, दुसऱ्या दोन गावांत प्रथिनं नसलेलं गोड सरबत. तीसेक वर्षांनी त्या मुलांना गाठलं तेव्हा दोन वर्षांच्या आत पेज मिळालेल्या पुरुषांची तासाची मजुरी सरबतवाल्या गावांतल्या पुरुषांपेक्षा ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. स्त्रियांच्या मजुरीत असा फरक दिसला नाही, कारण तिथे बायकांना मिळणारी कामंच वेगळी होती, असं मला वाटतं. मग किंग्स्टनचं दूध का टिकलं नाही? ती मुलं आधीच खुजी राहिलेली होती, काहींच्या बाबतीत सुरुवात उशिरा झाली, आणि गरीब घरात आलेलं दूध एकाच लेकराच्या पोटात जात नाही. टीएचआरच्या पाकिटाची घरोघरी होणारी वाटणी ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. पाकिटातला शिरा घरातली सगळी मुलं खातात, आणि ते योग्यही आहे. आई कोणत्या मुलाला नाही म्हणेल?

आहार लवकर आणि पुरेसा हवा. पण पोट भरलं म्हणजे मूल वाढलं असं होत नाही, याचा सर्वांत दुःखद पुरावा रुमानियात सापडला. चाउशेस्कूच्या राजवटीने १९६६ साली गर्भपातावर बंदी आणली आणि पुढे हजारो नकोशी मुलं सरकारी अनाथालयांत जाऊन पडली. २००० च्या सुमारास तीन अमेरिकी शास्त्रज्ञांनी बुखारेस्टमधल्या अशा १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकून पालक कुटुंबांत ठेवलं, बाकीची नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी सुधारली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची जास्त सुधारली. पाळण्यांच्या रांगा असलेल्या त्या खोल्यांतली शांतता तिथे गेलेल्या अनेकांनी नोंदवली आहे. रडून कुणी येत नाही हे कळलेली मुलं रडत नव्हती.

आईचं काय, हा प्रश्न मात्र आपल्याकडे विचारलाच जात नाही. बाळंतिणीला डिंकाचे लाडू करून घालणाऱ्या आपल्या घरांत, ती दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून का पडते, हे विचारायची पद्धत नाही. मुलीवर मुलगी झाली, नवरा पितो, माहेर लांब. ती उठते, मूल पाजते, कामाला लागते आणि मुलाकडे पाहून हसत नाही. अशा आईला ‘मुलाशी खेळा’ असं सांगून काय उपयोग? पाकिस्तानात रावळपिंडी जिल्ह्याच्या खेड्यांत डॉ. आतिफ रहमान यांनी यावर काम केलं. तिथल्या ‘लेडी हेल्थ वर्कर’ म्हणजे गावातल्याच आरोग्यसेविका. त्यांनी गरोदरपणापासून या बायकांच्या घरी जाऊन त्यांचं ऐकून घेतलं, निराशेचे विचार कसे ओळखायचे आणि बदलायचे हे मुलाच्या तब्येतीच्या निमित्ताने शिकवलं. २००८ साली छापलेल्या निष्कर्षात, बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी उदासीनतेने ग्रासलेल्या आयांचं प्रमाण निम्म्याहून कमी झालेलं दिसलं. यात एकही मानसोपचारतज्ज्ञ घरोघरी गेला नव्हता. मुलाच्या निमित्ताने आईचं दार उघडतं, हे आमच्या अंगणवाडीताईही जाणतात. फक्त त्यांना कुणी ते काम म्हणून दिलेलं नाही.

आपल्या मातीत हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर या दोघींनी बालवाडीच त्यांच्या पाड्यावर, त्यांच्या अंगणात नेली. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, तर शिंपले, गोटे, बिया, पानं घेऊन मोजणं आणि जुळवणं शिकवलं. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राने ३३ प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा अंगण आलं, पण ते तीन वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी. तान्ह्यांच्या वाट्याला काटा आणि पाकीट आलं. २०२४ मध्ये केंद्राने ‘नवचेतना’ नावाने तीन वर्षांखालच्या मुलांसाठी, महिन्यागणिक काय खेळावं हे सांगणारा आराखडा काढला आहे. मला तो फार मोलाचा वाटतो. तो कपाटात राहू नये.

अडचण वेळेची आहे. एक ताई, एक मदतनीस, पोषण ट्रॅकर या ॲपवरच्या नोंदी, निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं. दर आठवड्याला प्रत्येक तान्ह्याच्या घरी तासभर बसायला ती वेळ कुठून आणणार? कोलंबियात हे काम सरकारी योजनेच्या जोडीने अठरा महिने केलं गेलं. मुलांना फायदा झाला, पण काम थांबल्यावर दोन वर्षांनी तो उरला नव्हता. अर्धवट केलेल्या कामाचं भय तिथे दिसतं.

म्हणूनच ओडिशातला प्रयोग मी ताईंना आवर्जून सांगते. तिथल्या खेड्यांत, याच ग्रॅन्थम-मॅकग्रेगर बाईंच्या पुढाकाराने, किंग्स्टनचीच पद्धत दोन तऱ्हांनी करून पाहिली. काही गावांत घरोघरी भेटी, काही गावांत आयांना मुलांसह एकत्र बसवून गटात. मुलांचा फायदा दोन्हीकडे जवळपास सारखा आला, आणि गटाचा खर्च घरभेटींच्या एक-तृतीयांशाहूनही कमी. गट आमच्याकडे आयताच आहे. वजनाच्या दिवशी तान्ह्यांच्या आया अंगणवाडीत येतातच. त्या दिवशी वजन झाल्यावर त्यांना तासभर सतरंजीवर बसवायचं, प्रत्येकीपुढे एक बाटलीचा खुळखुळा, एक झाकणांची माळ, दोन खोकी. झाकणं मोठी घ्यायची, घट्ट ओवायची, गिळता येतील अशा बिया आणि मणी बाटलीबाहेर येऊ द्यायचे नाहीत, बाटलीचं झाकण चिकटवून बंद करायचं. खेळणी आयांबरोबर घरी जातील, पुढच्या वेळी बदलून मिळतील. पण महिन्यातून एकदा पुरणार नाही, ओडिशात हे आठवड्याला होत होतं. पाकिटं घ्यायला, लसीकरणाला, पालकसभेला आया येतात, ते दिवस जोडून घेतले तर पंधरवड्याला तरी जमेल. उरलेल्यासाठी प्रत्येक अंगणवाडीत फक्त तीन वर्षांखालच्या मुलांची म्हणून आणखी एक ताई नेमावी, पूर्ण मानधनावर, आणि तिच्या रजिस्टरात वजनाच्या शेजारी एक रकाना असावा: या आठवड्यात आई मुलाबरोबर काय खेळली.